मोज्यापासून हाफ स्वेटरपर्यंत : एका धाग्याची हजार वर्षं

डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. निळ्या-पांढऱ्या सुताचा एक जुनापुराणा मोजा, त्यावर अरबी वळणाची नक्षी आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : 'स्वेटर विणण्याची कला जगाला मुसलमानांनी दिली. शाळेत हे कुणी शिकवणार नाही. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' पाच मिनिटांत त्याखाली 'माशाअल्लाह'ची रांग लागली. माझ्या भाच्याने मात्र मला वेगळा मेसेज केला, "मामू, हे खरं आहे का? कॉलेजच्या ग्रुपवर टाकू?"

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'तुमच्या लोकांनी तोडफोडीशिवाय जगाला दिलं काय?' पोरगं तेव्हापासून धुमसत होतं. त्याला उत्तर हवं होतं आणि ते आयतं हातात आलं होतं.

मी त्याला जरा थांबायला सांगितलं. फोन घेऊन अम्मीजवळ गेलो. अम्मी खिडकीशी उन्हात बसून त्याच्याचसाठी हाफ स्वेटर विणत होती. बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा, राखाडी लोकरीचा. तिने चष्मा वर करून मोज्याचा फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, "काम तो बारीक है. पर मेरेकू तो मिशन के इस्कूल की बाई ने सिखाया."

म्हणजे एकाच घरात दोन साक्षी झाल्या. फॉरवर्ड म्हणतो विणकाम आमचं. अम्मी म्हणते मला ते ख्रिस्ती बाईंनी शिकवलं. खरं कोण? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

'विणणे' या शब्दाची अडचण

सुरुवातीलाच एक घोळ मिटवला पाहिजे. मराठीत मागावर कापड होतं तेही विणणं आणि सुयांवर स्वेटर होतो तेही विणणंच. त्यामुळे मालेगाव-भिवंडीचे मोमीन विणकर आणि आपल्या घरातल्या अम्मी, खाला, काकू यांची कला एकच आहे असं वाटू शकतं. तसं नाही. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या वरखालून जातो. कबीर विणकर होते ते या अर्थाने. ही कला हजारो वर्षं जुनी आहे आणि जगात अनेक ठिकाणी रुजलेली होती.

सुयांवरच्या विणकामात ताणाही नाही आणि बाणाही नाही. एकच धागा असतो. त्याचा एक फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढायचा, त्यातून तिसरा. म्हणून स्वेटर ताणला की वाढतो आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो. म्हणूनच मधला एक टाका निसटला, तर शिडीसारखी रेघ पार खालपर्यंत उसवत जाते. ही कला मागाच्या तुलनेत फार तरुण आहे. तिचे जे सर्वांत जुने नि:संशय नमुने आज उपलब्ध आहेत, ते साधारण हजार वर्षांपलीकडे जात नाहीत.

हे नमुने मिळाले इजिप्तमध्ये.

फुस्तातचा मोजा

फुस्तात हे अरबांनी इजिप्तमध्ये वसवलेलं पहिलं शहर. इ.स. ६४१ मध्ये अम्र इब्न अल-आस यांनी ते वसवलं. आज ते कैरोचाच एक भाग आहे. शतकानुशतकं या शहराने टाकलेला कचरा तिथल्या कोरड्या मातीत टिकून राहिला. अशा कोरड्या इजिप्शियन मातीतून कापडाचे हजारो तुकडे बाहेर आले आणि त्यांत सुयांवर विणलेले मोजेही होते. अभ्यासक त्यांचा काळ साधारण अकरावं ते चौदावं शतक मानतात. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियमसह काही संग्रहालयांत ते जपून ठेवले आहेत.

हे मोजे लोकरीचे नाहीत, सुताचे आहेत. पांढरं सूत आणि निळीत रंगवलेलं निळं सूत, असे दोन धागे एकाच वेळी चालवून नक्षी काढलेली आहे. मोजा अंगठ्याकडून वर असा गोल विणलेला आहे, शिवण कुठेही नाही. काही मोज्यांवर कूफी लिपीच्या वळणाची पट्टी आहे. त्यात काही अभ्यासक 'अल्लाह' हा शब्द वाचतात, तर काहींच्या मते ती अक्षरांचा भास देणारी नुसती नक्षी आहे. पाहणाऱ्याला एवढं मात्र लगेच कळतं की हे शिकाऊ हाताचं काम नव्हे. ज्या समाजात असा मोजा बनत होता, तिथे ही कला आधीच मुरलेली असणार.

म्हणजे फॉरवर्ड खरा ठरला? अर्धा. आणि उरलेला अर्धा समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

एक तर, इस्लामी राजवटीतलं इजिप्त म्हणजे केवळ मुसलमानांचं इजिप्त नव्हे. तिथे किब्ती ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते, यहुदी होते. मोजा विणणाऱ्याने आपलं नाव किंवा मजहब त्यात विणून ठेवलेला नाही. दुसरं असं की, फुस्तातमध्ये सापडलेली प्रत्येक वस्तू फुस्तातमध्येच बनली असं म्हणता येत नाही. त्याच परिसरात गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे तुकडे भरपूर मिळाले आहेत. हिंदी महासागरातून माल ये-जा करत होता. आणि शेवटचं, इजिप्तमध्ये इस्लामच्या आधीही मोजे बनत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये लाल लोकरीच्या मोज्यांची एक जोडी आहे, अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेली. ती तिसऱ्या ते पाचव्या शतकातली, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या जन्माच्याही आधीची. दिसायला ते मोजे थेट सुयांवर विणल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते एकाच नेढ्याच्या सुईने, धाग्याचे छोटे तुकडे गुंफत केलेले आहेत. पद्धत वेगळी आहे, पण पायाच्या आकाराचं लवचीक कापड धाग्यातूनच घडवायचं, ही कल्पना त्या भूमीत आधीपासून होती.

मोजा आणि मुसलमान यांचा संबंध तसा आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. वुजू करताना मोज्यांवर मसह करायचा की नाही, ही चर्चा फिक्हच्या किताबांत फार जुनी आहे. चामड्याच्या मोज्याला तिथे 'खुफ्फ' म्हणतात आणि कापडी किंवा लोकरी मोज्याला 'जौरब'. जौरब किती जाड असावा, त्यातून पाणी झिरपावं का, तो न बांधता पायावर उभा राहावा का, यावर फकीह लोकांनी बारकाईने लिहिलं आहे. उर्दूतला 'जुराब' तो हाच. आणि आपण मराठीत सहज म्हणतो तो 'मोजा' फारसीतून आला. म्हणजे वस्तू कुणाचीही असो, मराठी माणूस ती पायात घालताना फारसी शब्द वापरतो आणि त्याच्या ते ध्यानातही नसतं.

राजपुत्राच्या उशाखालची 'बरकत'

इजिप्तनंतरचा ठोस पुरावा मिळतो स्पेनमध्ये. तो पाहताना मी बराच वेळ थबकलो.

उत्तर स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा ख्रिस्ती मठ आहे. कास्तियच्या राजघराण्यातल्या अनेकांचं दफन तिथे झालं. त्यातली एक कबर राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याची. तो १२७५ मध्ये वारला. त्याच्या शवपेटीत रेशमाची एक उशी मिळाली. ती सुयांवर विणलेली आहे आणि इतकी बारीक की आपल्या घरच्या स्वेटरपेक्षा तिचे टाके तिपटी-चौपटीने लहान भरतात. तिच्यावर गरुड आहेत, फुलं आहेत, कास्तियच्या राजचिन्हातले किल्ले आहेत. आणि कडेने कूफी लिपीत एकच अरबी शब्द पुन्हा पुन्हा विणलेला आहे : 'बरका'. आपला 'बरकत' तो हाच शब्द.

आता हा राजपुत्र कोण होता ते पाहा. त्याचे आजोबा फर्नांदो तिसरे. १२३६ मध्ये कॉर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिया ही मुसलमानांची दोन मोठी शहरं त्यांनीच जिंकली. त्याचे वडील अल्फोन्सो दहावे, ज्यांनी अरबी ग्रंथांची कास्तियन भाषेत भाषांतरं करून घेतली. रणांगणावर ज्यांच्याशी लढाई चालू होती, त्यांच्याच कारागिरांचं काम या घराण्याने आपल्या मुलाच्या डोक्याखाली ठेवलं, त्यावरच्या अरबी दुवेसकट.

विणकामाचा इतिहास साक्षेपाने लिहिणाऱ्यांत रिचर्ड रट यांचं नाव मोठं आहे. १९८७ साली त्यांचा 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या उश्या मुस्लिम कारागिरांच्या हातच्या असाव्यात, हे मत त्यांनी मांडलं. रट होते कोण, तर इंग्लंडमधल्या लेस्टरचे बिशप. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलं तर बरं होईल. आपला हा वारसा नीट नोंदवून ठेवणारा माणूस चर्चमधला होता.

सुलट आधीचा, उलट नंतरचा

अम्मी विणताना ओठांतल्या ओठांत पुटपुटत असते, "एक सुलट, एक उलट." बॉर्डरीला हेच लागतं. सुलट आणि उलट टाके आलटून पालटून घातले की कापड चुणीदार होतं आणि अंगाला धरून बसतं. कमरेची पट्टी, गळ्याची पट्टी, बाहीच्या घेराची पट्टी, सगळं याच जोडीवर उभं असतं.

या जोडीतला सुलट टाका इजिप्तच्या मोज्यांत आहे. गोल विणताना उलट टाक्याची गरजच पडत नाही. हाताने केलेल्या उलट टाक्याचा जो जुना पुरावा सहसा दिला जातो, तो थेट सोळाव्या शतकातला आहे आणि तो इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. तिथली डचेस एलिओनोरा दी तोलेदो १५६२ मध्ये वारली. तिला पुरताना पायांत लाल रेशमी मोजे होते आणि त्यांच्या नक्षीत उलटे टाके आहेत. एलिओनोरा जन्माने स्पॅनिश होती. त्या शतकात स्पेनचे रेशमी मोजे युरोपच्या दरबारांत फार नावाजलेले होते.

म्हणजे अम्मीच्या तोंडातल्या 'एक सुलट, एक उलट' या चार शब्दांच्या मध्ये कित्येक शतकं उभी आहेत. त्यातला एक शब्द इजिप्तचा पुरावा सांगतो आणि दुसरा फ्लॉरेन्सचा. दोन्ही नसतील तर व्ही गळ्याची पट्टी होत नाही.

पुढची हकिगत युरोपची आहे. तिथे विणकरांचे संघ तयार झाले आणि त्यांत पुरुष कारागीर होते. विणकाम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, ही समजूत बरीच अलीकडची. १५८९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणण्याचं यंत्र बनवलं. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट दिलं नाही. हाताने विणून पोट भरणाऱ्या गरिबांचा घास जाईल, असं कारण तिने दिल्याचं सांगतात. अखेर यंत्र पसरलंच. सव्वादोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, नॉटिंगहॅमच्या भागात मोजे विणणाऱ्या कामगारांनी मजुरी घसरली म्हणून ही यंत्रं फोडली. इतिहासात लुडाइट म्हणून प्रसिद्ध झालेल्या उठावाची सुरुवात तिथून झाली.

एक मोह

हाफ स्वेटरची गोष्ट सांगायची तर स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या फेअर आयल या चिमुकल्या बेटावर जावं लागतं. तिथल्या बायका अनेक रंगांच्या लोकरीचे, भौमितिक नक्षीचे स्वेटर विणत. एका ओळीत दोनच रंग चालवायचे ही त्यांची रीत. १९२२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढे काही महिने राजा झालेल्या आठव्या एडवर्डने, सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर फेअर आयलचा व्ही गळ्याचा स्वेटर घातला. तोवर कोळी, शेतकरी आणि खेळाडू यांचा समजला जाणारा हा कपडा एकदम सभ्य समाजात आला. व्ही गळा सोयीचा होता. आतला सदरा आणि टाय दिसतो. बाह्या काढल्या की तोच स्वेटर कोटाच्या आत वेस्टकोटसारखा बसतो. क्रिकेटच्या मैदानावर, कॉलेजांत, कचेऱ्यांत तो रुजला आणि साम्राज्याच्या वाटेने आपल्याकडेही आला.

आता तो मोह सांगतो. १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराचं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज याच फेअर आयलच्या किनाऱ्यावर फुटलं. ही घटना खरी आहे. आणि एक दंतकथा सांगते की वाचलेल्या स्पॅनिश खलाशांनी बेटावरच्या लोकांना ही नक्षी शिकवली. वाचक हो, बघा कसं सगळं जुळतं! इजिप्तचे दोन रंगांचे मोजे, तिथून मुसलमानांचा स्पेन, तिथून फुटलेलं जहाज, तिथून फेअर आयल आणि युवराजाचा स्वेटर. 'इंग्लंडच्या राजाच्या अंगावर मुसलमानांची नक्षी' असं शीर्षक दिलं, तर हा लेख त्या फॉरवर्डपेक्षा जास्त धावला असता.

पण ते खरं नाही. खलाशी काही आठवडे तिथे अडकले आणि निघून गेले. त्यानंतरची दोन-अडीचशे वर्षं अशा रंगीत नक्षीचा पत्ता नाही. ती ठळकपणे दिसू लागते एकोणिसाव्या शतकात आणि तिचं नातं जवळच्या नॉर्डिक व बाल्टिक देशांतल्या विणकामाशी जास्त जुळतं. अभ्यासकांनी ही दंतकथा बाजूला ठेवली आहे. आपणही ठेवली पाहिजे. आपल्या इतिहासात इतरांनी घुसडलेल्या खोट्या गोष्टींबद्दल आपण वर्षानुवर्षं तक्रार करतो. मग आपल्या फायद्याची आहे म्हणून एखादी खोटी गोष्ट कशी चालवून घ्यायची?

लोकर कुठून आली

हिंदुस्थानात सुयांवरचं विणकाम मुख्यतः इंग्रजांच्या आणि मिशनऱ्यांच्या सोबतीने पसरलं. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. आपल्या नगरचंच उदाहरण घ्या. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ मध्ये सुरू झालं. सिंथिया फरार यांनी तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनासोबत शिवण-विणकामही शिकवलं जाई. जी बाई माझ्या अम्मीला शिकवत होती, ती याच परंपरेतली.

पण लोकरीची वाट वेगळी आहे आणि त्या वाटेवर पुन्हा मुसलमान कारागीर भेटतात. काश्मीरची शाल मागावर होते, सुयांवर नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. 'शाल', 'पश्मिना', 'रफू' हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या घरातले आणि शाल बनवणारे बहुसंख्य हात मुसलमानांचे. १८३३ च्या सुमारास काश्मीरमध्ये भयंकर दुष्काळ पडला. असंख्य विणकर कुटुंबं डोंगर उतरून पंजाबात आली आणि अमृतसर, नूरपूर, लुधियाना इथे वसली. जे मागे राहिले त्यांच्यावर शालीच्या कराचा बोजा होता. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या झालडगर भागात विणकरांनी या कराविरुद्ध मोर्चा काढला. सैन्याने तो मोडून काढला आणि त्यात २८ जणांचे प्राण गेल्याचं सांगितलं जातं. पुढे १८७०-७१ मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध झालं. फ्रान्स ही काश्मिरी शालीची मोठी बाजारपेठ होती. तीच कोसळली आणि शालीचा धंदा बसला.

लुधियानात लोकर ओळखणारे हात आणि लोकरीचा बाजार आधीच होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शहर होजियरीचं मोठं केंद्र बनलं. 'होजियरी' या शब्दाचा मूळ अर्थही मोज्यांशीच निगडित आहे. आज आपण त्या पाटीखाली बनियन विकत घेतो ते वेगळं. १९४७ मध्ये पंजाब फाटला, तेव्हा लुधियानाचे बहुतेक मुसलमान, त्यांतली काश्मिरी घराणीही, सीमेपार गेली आणि तिकडून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांनी कारखाने उभे केले. आपल्या आयांनी ज्या लोकरीच्या लड्या आणून गुडघ्यांवर चढवून गुंडे केले, त्यांतल्या कित्येकांवर लुधियानाचा शिक्का होता. त्या शिक्क्यामागे दुष्काळातून आलेले लोक होते, फाळणीत गेलेले होते आणि फाळणीत आलेलेही होते. लडीवर यांपैकी कुणाचंच नाव नसतं.

अम्मीचा पहिला स्वेटर

अम्मीने विणलेला पहिला पुरा स्वेटर घरातल्या कुणासाठी नव्हता. साल १९६२. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. चौदा हजार फुटांहून उंच ठाण्यांवर आपले जवान सुती गणवेशात लढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देशभरातल्या बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. शाळाही मागे नव्हत्या. अम्मी तेव्हा बारा वर्षांची होती. बाईंनी वर्गात लोकर वाटली आणि प्रत्येकीने एक हाफ स्वेटर करायचा असं ठरलं. हाफ अशासाठी की बाह्या विणायला वेळ आणि लोकर दोन्ही जास्त लागतात.

"गला बिगड गया था," अम्मी सांगते. "बाई ने पूरा उसवाया. बोली, फौजी को टेढा गला देगी क्या?"

गळा नेमका कुठे बिघडतो, ते तिने मला समोरच्या राखाडी स्वेटरवर दाखवलं. बॉर्डर बारा नंबरच्या सुयांवर, अंग दहा नंबरच्या. पुढच्या भागाला १३३ टाके, कारण आकडा विषम हवा. काखेपर्यंत आलं की मधला एक टाका सेफ्टी पिनेत अडकवून ठेवायचा. दोन्हीकडे ६६-६६ उरतात. इथून दोन्ही बाजू वेगळ्या विणायच्या. काखेसाठी प्रत्येक बाजूला आधी ८ टाके बंद करायचे, मग हळूहळू आणखी ८ कमी करायचे. त्याच वेळी गळ्याकडून दर चौथ्या ओळीला एक, असे २० टाके घटवायचे. खांद्याला ३० उरतात. डावीकडची घट उजवीकडे कलली आणि उजवीकडची डावीकडे, तरच दोन्ही कडा सारख्या उतरतात. शेवटी गळ्याभोवती टाके उचलून एक सुलट एक उलट पट्टी करायची. पिनेतला तो मधला टाका पट्टीतही मध्येच ठेवायचा आणि दर फेरीला त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक टाका कमी करायचा. तो मधला टाका एका बाजूला सरकला की व्ही वाकडा.

बारा वर्षांच्या अम्मीने तो एका बाजूला सरकवला होता. बाईंनी उसवायला लावला आणि शेजारी बसून पुन्हा विणून घेतला. तो स्वेटर कोणत्या जवानाच्या अंगावर गेला, तो कोणत्या धर्माचा होता, हे अम्मीला कधी कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

भाच्याला पाठवलेलं उत्तर

संध्याकाळी भाच्याचा पुन्हा मेसेज आला, "मामू, मग काय टाकू?"

मी त्याला लिहिलं ते असं : 'सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इस्लामी काळातल्या इजिप्तमधले आहेत. स्पेनमध्ये एका ख्रिस्ती राजपुत्राच्या कबरीत अरबी बरकत विणलेली उशी मिळाली. उलट्या टाक्याचा जुना पुरावा इटलीत आहे, व्ही गळ्याच्या स्वेटरची फॅशन इंग्लंडच्या युवराजाने केली, लोकर लुधियानाची आणि माझ्या नानीला विणायला शिकवलं मिशनच्या शाळेतल्या बाईंनी. यात आमचा वाटा आहे आणि तो मोठा आहे. एवढंच खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे.'

थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं, "हे फार लांब आहे. भांडणात कोण वाचणार?"

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. 'तुम्ही काय दिलं?' असं विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचंच नसतं. पण ज्याला असं विचारलं जातं, त्या पोराला आपली खरी गोष्ट माहीत असली पाहिजे. फुगवलेली गोष्ट पहिल्याच टाचणीने फुटते आणि तिच्याबरोबर तिच्यातला खरा भागही हातचा जातो. मग फुस्तातचा मोजाही कुणी मानत नाही आणि बुर्गोसची उशीही नाही.

रविवारी भाचा घरी आला. अम्मीने त्याला उभं करून अर्धवट स्वेटर छातीला लावून पाहिला, मध्यावरची पिन बरोबर बेंबीच्या रेषेत येते का ते तपासलं. तो पिनेकडे बोट दाखवून म्हणाला, "नानी, ये एक टाका काय को छोड दिया?"

"छोडा नहीं," अम्मी म्हणाली. "रख्खी हूं."